गावकुसाबाहेरची भाषा : चाळीसगाव परिसराच्या निमित्ताने

भाषा माणसांना जोडते, असे आपल्याकडे व्यासपीठावरून नेहमी सांगितले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. ज्या समाजात माणसे एका पंगतीला बसत नाहीत, एका पाणवठ्यावर पाणी भरत नाहीत, त्या समाजात भाषा माणसांना वेगळे ठेवण्याचेही काम करते. कोणी कोणाशी, कोणत्या नात्याने आणि किती बोलावे हे समाजरचना ठरवते. त्यातून जी बोली घडते ती पुन्हा त्याच रचनेची राखण करते. उलट, जेव्हा एखादा समाज आपली जागा बदलायला उठतो तेव्हा त्याला पहिल्यांदा आपले शब्द बदलावे लागतात. हा विचार मला माझ्या चाळीसगाव तालुक्याच्या इतिहासावर तपासून पाहायचा आहे. कारण हा तालुका खानदेशात असला तरी त्याची दक्षिण सीमा मराठवाड्याला भिडते, घरात येथे अहिराणी आहे, शाळेत मराठी आहे, आणि रेल्वेच्या फलाटावर हिंदी आहे. भाषेची इतकी सरमिसळ असलेल्या ठिकाणीही काही भिंती शाबूत राहिल्या. त्या का राहिल्या, हा माझा प्रश्न आहे.

आरंभ दगडापासून करू. चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या रांगेत, आज कन्नड तालुक्यात मोडणारी पितळखोऱ्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराची ही बौद्ध लेणी. त्यांतील लेख ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत आहेत. दान देणाऱ्यांत पैठणच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याचे घराणे आहे, राजवैद्याच्या घरची माणसे आहेत. एका यक्षमूर्तीवर तर ती घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराने स्वतःचे नाव कोरले आहे. कारागीर आपल्या भाषेत आपले नाव दगडावर लिहितो आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही, असा तो काळ आहे.

याच डोंगररांगेच्या पायथ्याशी पाटणादेवी आहे. तेथे शके ११२८ चा, म्हणजे तेराव्या शतकाच्या अगदी आरंभीचा शिलालेख सापडला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला, त्याची ही नोंद. या लेखात राजांची, वंशाची आणि विद्वत्तेची स्तुती संस्कृत श्लोकांत आहे. शेवटच्या काही ओळी मात्र त्या वेळच्या मराठीत आहेत. त्या ओळींत काय आहे? मठाला लोकांकडून काय काय देणे मिळावे, याचा तपशील आहे. गौरव संस्कृतात आणि वसुली मराठीत! ज्यांनी द्यायचे त्यांना समजावे म्हणून त्यांची भाषा वापरली; त्यांना मोठेपणा द्यायचा नव्हता म्हणून वरची भाषा त्यांच्यासाठी नव्हती. पितळखोरे आणि पाटण यांच्यात अंतर थोडे आहे, काळ मात्र हजार वर्षांहून अधिक गेला आहे. या काळात भाषांची उतरंड पक्की झाली, ती दगडावर वाचता येते.

ही उतरंड आपोआप झाली नाही. तिच्यामागे एक तत्त्वज्ञान होते. पतंजलीच्या महाभाष्यात असुर चुकीच्या उच्चारामुळे पराभूत झाले, अशी कथा येते. अशुद्ध बोलणारा तो म्लेच्छ, असा त्याचा अर्थ. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोलतो, राणी आणि नोकर प्राकृत बोलतात. याच्या विरुद्ध दुसरी परंपराही आपल्याकडे होती, तिची आठवण मुद्दाम दिली पाहिजे. विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळातून आलेले दोन भिक्खू भगवान बुद्धांकडे तक्रार करतात की, नाना कुळांतून आलेले लोक आपापल्या बोलीत बुद्धवचन म्हणून ते बिघडवतात. तेव्हा ते छांदस भाषेत घालण्याची परवानगी द्यावी. बुद्धांनी ती परवानगी दिली नाही आणि स्वतःच्या बोलीत धम्म शिकण्याची मोकळीक ठेवली. या वचनाच्या अर्थाबद्दल पंडितांत पुढे वाद झाले. परंतु एवढे निश्चित की, उच्चाराच्या शुद्धतेसाठी माणसाला दाराबाहेर ठेवायला बुद्धांनी नकार दिला.

आपल्या मराठीत भाषेच्या बरोबर-चूक असण्याला जे शब्द आहेत ते पाहा. शुद्ध, अशुद्ध, भ्रष्ट, अपभ्रंश. हेच शब्द सोवळ्या-ओवळ्याच्या व्यवहारातही आहेत. जो समाज माणसाला शुद्ध-अशुद्ध ठरवतो तोच समाज त्याच मापाने त्याचा शब्दही मोजतो, याचा आणखी पुरावा कशाला हवा?

इंग्रजी अमदानीत या मापाला छापखान्याचे आणि सरकारी शाळेचे बळ मिळाले. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आणि त्याची वाढवलेली आवृत्ती १८५७ साली निघाली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ साली आले. शाळेची पुस्तके मेजर कँडीच्या नजरेखालून जाऊ लागली. या सर्वांनी मराठी गद्याला शिस्त लावली, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु साहेबाच्या शेजारी बसून कोणता शब्द शिष्ट आणि कोणता ग्राम्य हे सांगणारे शास्त्री-पंडित होते. कुणबी, माळी, महार, भिल्ल यांच्यापैकी त्या बैठकीत कोणी नव्हते. याचा परिणाम पुढच्या पिढीत दिसला. महात्मा जोतीराव फुल्यांनी शेतकऱ्याच्या भाषेत शेतकऱ्याचे दुःख लिहिले, तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या निबंधमालेने त्यांच्या व्याकरणाची टर उडवली. म्हणण्याला उत्तर देता येत नसेल तेव्हा म्हणणाऱ्याची वेलांटी तपासावी, ही रीत तेव्हापासूनची आहे आणि ती अजून संपलेली नाही.

आता खानदेशाकडे येऊ. अहिराणीत 'आहे'ला 'शे' म्हणतात, 'मला'ला 'माले', 'माझा'ला 'मना', 'वावरात'ला 'वावरमा'. हे रूप गुजरातीला जवळचे आहे, हे भाषा न शिकलेल्यालाही ऐकून कळते. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात खानदेशीचा विचार मराठीच्या खंडात झाला नाही. १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली आणि बंजारी यांच्या सोबत तिला जागा मिळाली. आजही जनगणना खानदेशी वेगळी मोजते. २००१ साली ती बोलणारे २० लाख ७५ हजार नोंदले गेले, २०११ साली १८ लाख ६० हजार. म्हणजे भाषाशास्त्र तिला वेगळी भाषा समजते आणि शाळामास्तर तिला बिघडलेली मराठी समजतो. दहा वर्षांत लोक वाढले आणि ही भाषा आपली म्हणून सांगणारे दोन लाखांनी घटले. ज्या भाषेबद्दल लाज शिकवली जाते ती भाषा माणसे आधी शिरगणतीच्या कागदावरून पुसतात, मग घरातून.

येथे कोणी म्हणेल की, अहिराणी तर सगळ्या गावाची, मग गावकुसाबाहेरची भाषा वेगळी कोणती? वरवर पाहता पाटलाच्या वाड्यात आणि महारवाड्यात एकच अहिराणी होती. परंतु भाषा म्हणजे केवळ प्रत्यय नव्हेत. माझी आजी आपल्या वस्तीत बोलायची तेव्हा तिच्या तोंडात म्हणी असत, ओव्या असत, कोणालाही गप्प बसवील अशी धार असे. तीच आजी वाड्यासमोर उभी राहिली की तिच्याकडे दोनच शब्द उरत, 'जोहार' आणि 'मायबाप'. पाटलाचे शेंबडे पोर माझ्या आजोबांना एकेरी नावाने, वर 'या' लावून हाक मारी. आजोबा त्याला 'दादा' म्हणत. येसकर, तराळ, वेठ, बलुतं हे शब्द आमच्यासाठी हुकूम होते. एका भाषेत राहूनही आमच्या वाट्याला तिचा आज्ञार्थ आला, आणि तोही ऐकून घेण्यापुरता.

अमेरिकन भाषावैज्ञानिक जॉन गम्पर्झ यांनी उत्तर प्रदेशातील सहारनपूर जिल्ह्यातल्या एका गावाचा अभ्यास करून १९५८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. त्या गावाला अभ्यासकांनी खालापूर हे नाव दिले होते. गावात स्पृश्य जातींची बोली जवळजवळ एकसारखी होती आणि अस्पृश्य जातींच्या उच्चारांत मात्र फरक होता. वास्तविक अस्पृश्य मजूर दिवसभर राजपुतांच्या शेतावर राबत होते. मग बोली एक का झाली नाही? गम्पर्झ यांचे उत्तर असे की, कामापुरता संपर्क कितीही असला तरी तो बोली एक करीत नाही. मुले एकत्र खेळतात का, मोठी माणसे मोकळ्या वेळी एकत्र बसतात का, यावर बोलीचे एकपण अवलंबून असते.

हा निबंध मी वाचला तेव्हा मला चाळीसगावचा टांगा आठवला. १९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या आणि आदिवासींच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी समिती नेमली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे सभासद होते. त्या कामासाठी ते धुळ्याकडे आले असता, १९२९ च्या ऑक्टोबर महिन्यात, चाळीसगावच्या महारवाड्यात मुक्कामाचा आग्रह झाला. स्टेशनपासून वस्ती सुमारे दोन मैल. फलाटाबाहेर भाड्याचे टांगे होते, परंतु महार पाहुण्याला हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी की, टांगा भाड्याने मिळेल, हाकायचा मात्र तुमचा तुम्ही. वस्तीतल्या ज्याने लगाम हाती घेतला त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. नदीच्या पुलावर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब बाहेर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला; घोडा आणि टांगा नदीत गेले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी स्वतः हे लिहून ठेवले आहे. पाहुण्याने पायी चालावे हे वस्तीला कमीपणाचे वाटले, म्हणून हा खटाटोप झाला.

ही घटना आपण अस्पृश्यतेच्या इतिहासात वाचतो. मी ती भाषेच्या इतिहासातही वाचतो. टांगेवाल्याला आमचे पैसे चालत होते, आमची सोबत चालत नव्हती. भाडे चालते, शेजार चालत नाही, हाच तो कामापुरता संपर्क. दोन मैलांच्या वाटेवर टांगेवाला आणि प्रवासी एरवी काय करतात? बोलतात. पीकपाणी, लेकीबाळी, बाजारभाव. भाषा अशा दोन-दोन मैलांनी तयार होते. हे मैल आमच्या माणसांना शेकडो वर्षे नाकारले गेले. मग आमची बोली निराळी राहिली म्हणून आम्हालाच हसायचे, हा कुठला न्याय?

भाषा शिकणे म्हणजे शब्द आणि व्याकरण पाठ करणे, असे शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत गृहीत धरलेले असते. आमच्या इतिहासात भाषा शिकण्याचा पहिला प्रश्न परवानगीचा आहे. बाबासाहेबांना हायस्कुलात संस्कृत शिकायचे होते. महाराच्या मुलाला ती शिकवली जाणार नाही, म्हणून त्यांना फारशी घ्यावी लागली. ज्या भाषेत त्यांच्या गुलामगिरीचे कायदे लिहिलेले होते ती भाषा त्यांच्यासाठी बंद होती! पुढे त्यांनी स्वकष्टाने संस्कृत ग्रंथांचा अभ्यास केला आणि शूद्र व अस्पृश्य यांच्या उत्पत्तीवर ग्रंथ लिहिले. आयुष्याच्या उत्तरार्धात ते पालीकडे वळले, तिचा कोश तयार करण्याच्या कामाला लागले. हा भाषाप्रवास एका बुद्धिमान माणसाच्या आवडीनिवडीचा नव्हता. बंद दारे कोणत्या क्रमाने उघडावी लागतात, याचा तो आलेख आहे.

माझ्या पिढीची मुले १९६० च्या दशकात तालुक्यातल्या शाळांत गेली. 'मना बाप वावरमा शे' असे मी वर्गात बोललो तेव्हा मास्तरांनी मला उभे केले. पाटलाचा मुलगाही 'वावरमा'च म्हणत असे. त्याला 'गावठी बोलू नको' एवढे ऐकावे लागे. मला मात्र ऐकावे लागले की, या लोकांच्या जिभेला वळणच नाही. वाक्य एकच, चूक एकच. त्याची चूक त्याच्या गावाची ठरली आणि माझी चूक माझ्या जातीची. गंमत अशी की, त्याच काळात बहिणाबाई चौधरींची गाणी पाठ्यपुस्तकांतून वाखाणली जात होती. आसोद्याच्या या निरक्षर शेतकरी बाईंची लेवा बोलीतील गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली छापली गेली आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. ते योग्यच झाले. परंतु पुस्तकातली बोली साहित्य आणि बाकावरची बोली अशुद्ध, हे कोडे आम्हाला कोणी सोडवून दिले नाही.

येथपर्यंत समाजाने भाषा कशी घडवली ते सांगितले. दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. आम्हीही भाषा बदलली. १९२० साली 'मूकनायक' निघाले. मुक्यांचा नायक, हे नावच एक भाषिक घोषणा होती. त्यानंतर १९२७ चे 'बहिष्कृत भारत', १९३० ची 'जनता', १९५६ चे 'प्रबुद्ध भारत'. मूक, बहिष्कृत, जनता, प्रबुद्ध, या चार नावांच्या क्रमात एका समाजाची वाटचाल वाचता येते. ही पत्रे वस्त्यांत येत, एकजण वाचे आणि दहाजण ऐकत. त्यांची भाषा अहिराणी नव्हती, ग्रांथिक मराठी होती. म्हणून आमच्या लोकांचे प्रमाण मराठीशी जे नाते जडले ते निराळे आहे. इतरांना ती शाळेची भाषा म्हणून भेटली, आम्हाला ती सभेची, ठरावाची आणि अर्जाची भाषा म्हणून भेटली. मामलेदाराला मराठीत अर्ज लिहिता येणे म्हणजे 'मायबाप'शिवाय बोलता येणे.

'जोहार' गेला आणि 'जय भीम' आला. या अभिवादनाचा प्रसार १९३० च्या दशकात कामठीचे बाबू हरदास यांनी केला. 'जोहार' खालून वर घातला जात असे. 'जय भीम' समोरासमोर दिला-घेतला जातो. दोन शब्दांच्या बदलाने शरीराची ठेवण बदलते, कंबर ताठ होते. १९५८ साली महार वतने रद्द करणारा कायदा झाला आणि येसकर, तराळ, वेठ या शब्दांखालची जमीनच निघून गेली. दया पवारांनी १९७८ साली आत्मकथनाला 'बलुतं' हे नाव दिले. शंकरराव खरातांनी १९८१ साली 'तराळ अंतराळ' लिहिले. आज्ञेतले शब्द असे पुस्तकांच्या मुखपृष्ठावर आले. १९८४ साली आमच्याच जळगावला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष खरात होते. ज्याच्या बापाने गावात तराळकी केली त्याने मराठी भाषेच्या सर्वोच्च व्यासपीठावरून बोलावे, ही खानदेशात घडलेली गोष्ट आहे.

आणि १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर जे घडले ते तर भाषा-शिक्षणाच्या इतिहासात विलक्षणच म्हटले पाहिजे. अक्षरओळख नसलेल्या हजारो बाया-माणसांनी पाली वंदना तोंडपाठ केली. माझी आजी त्यांतली एक. जिला संस्कृताचा एक शब्द कानी पडू नये अशी व्यवस्था होती तिने साठीच्या पुढे एक प्राचीन भाषा मुखोद्गत केली. शाळा नव्हती, फळा नव्हता. शिकण्याचे कारण होते आणि शिकवणारा शेजारी बसत होता. मुलांची नावे बदलली. गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता ही नावे वस्त्यांत घरोघर झाली. ज्यांना जीभ नाही असे मास्तर म्हणत होते त्यांच्या जिभेने हे सारे केले.

मात्र या बदलाची एक किंमत आपण मोजली आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. स्वाभिमानाची भाषा आपल्याकडे मराठी, पाली आणि इंग्रजीच्या रूपाने आली. त्यामुळे अहिराणी ही गुलामगिरीच्या दिवसांची भाषा म्हणून आपण मागे टाकत गेलो. शिकलेल्या घरांतून ती प्रथम निघाली. तिच्यासोबत 'मायबाप' गेला हे चांगले झाले. परंतु आजीच्या ओव्या आणि तिची ती धारही गेली. आज अहिराणीच्या अस्मितेची चळवळ उभी आहे. तिचे शब्दकोश झाले आहेत, संमेलने भरतात. या चळवळीशी आपले भांडण नाही. परंतु आपण तिला एक प्रश्न विचारला पाहिजे. तुमच्या कोशात वाड्यावरची अहिराणी तेवढीच येणार, की वस्तीवरची, भिल्लांच्या पाड्यावरचीही येणार? वेठीचे शब्द त्यांच्या इतिहासासह नोंदले जाणार, की गोड लोकसंस्कृतीच्या नावाखाली गाळले जाणार? कोश करणाऱ्यांच्या बैठकीत १८३१ साली आम्ही नव्हतो. आता तीच गोष्ट पुन्हा चालणार नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तिच्या प्राचीनतेचा दावा उभा आहे तो प्राकृताच्या पायावर, म्हणजे पितळखोऱ्याच्या सोनाराने ज्या प्रकारच्या भाषेत नाव कोरले त्या भाषेच्या पायावर. ज्यांची बोली अशुद्ध ठरवली त्यांच्याच पूर्वजांच्या बोलीवर आज अभिजाततेची पताका लागली आहे. हा मान कोणाचा, हे आता शाळेच्या वर्गात दिसले पाहिजे.

संविधानाच्या ३५० क कलमात भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास सांगितले आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर येथे काळ्या मुलांच्या पालकांनी शाळा-प्रशासनाविरुद्ध दावा लावला. १९७९ साली न्यायालयाने निकाल दिला की, मुलांची घरची बोली विचारात न घेता त्यांना वाचन शिकवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. शिक्षकांनी ती बोली ओळखावी आणि तिच्या आधाराने प्रमाण इंग्रजी शिकवावी. मुलांना प्रमाण भाषा नको, असे त्या पालकांनी म्हटले नव्हते. ती त्यांना हवीच होती, अपमानाशिवाय हवी होती.

आपली मागणी याहून वेगळी नाही. आपल्या मुलांना प्रमाण मराठी आलीच पाहिजे, इंग्रजी आलीच पाहिजे. त्यांना बोलीतच कोंडून ठेवा, असे सांगणारे बोलीप्रेमी आपले मित्र नव्हेत. त्यांची स्वतःची मुले कोणत्या माध्यमात शिकतात ते एकदा विचारून पाहावे. पण पहिलीच्या वर्गात 'शे' म्हणणाऱ्या मुलाला 'आहे' शिकवताना मास्तरने 'शे'ला हसता कामा नये. तो त्या मुलाशेजारी बाकावर बसला, त्याच्याशी चार शब्द त्याच्या बोलीत बोलला, तर ते मूल दहा भाषा शिकेल. नुसती पुस्तके वाटून, गणवेश वाटून हे होणार नाही. ते सारे टांग्याच्या भाड्यासारखे आहे. भाड्याचा टांगा आम्हाला १९२९ सालीही मिळत होता.